जडसंग्रहातलं बाळ

"तेरदाळे, बाहुलीच्या ढुंगणावरचा नंबर कुठे गेला?"

डॉ. उंब्रजकर साहेबांनी हे इतक्या गंभीर आवाजात विचारलं, की व्हरांड्यातून कुणी ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, जिल्ह्यात साथ आली. साहेब आमच्या आरोग्य प्रशिक्षण केंद्राचे प्राचार्य आणि मी तिथला भांडारपाल. बाहुली त्यांच्या हातात उलटी होती. तिचं ढुंगण स्वच्छ, गुलाबी आणि बिननंबरी होतं.

या गोष्टीला आता चौतीस वर्षं होतील. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथले लोक अजून मला लग्नकार्याला बोलावतात. पण नंबर त्या जागी का होता हे आधी सांगायला हवं, नाहीतर माझ्याबद्दल भलताच समज होईल.

सरकारी कचेरीत जी वस्तू येते ती जडसंग्रह नोंदवहीत चढते. तिला क्रमांक मिळतो आणि तो क्रमांक भांडारपालाने तिच्यावर रंगवायचा असतो. टेबलाला, पंख्याला, माठाला, सगळ्यांना मी नंबर घातले होते. साहेबांच्या खुर्चीच्या पाठीवर ८७ होता, आणि उन्हाळ्यात साहेब खुर्चीतून उठले की त्यांच्या सदऱ्यावर उलटा ८७ दिसायचा. माझा रंग जरा कच्चा असायचा, हे मला मान्य आहे.

बाहुली परदेशी मदतीतून आली. खऱ्या बाळाएवढी, मऊ प्लॅस्टिकची, डोळे मिटणारी. नोंदवहीत तिचा क्रमांक ४१२. मी ब्रश घेऊन कपाळाकडे वळलो तेव्हा आमच्या प्रशिक्षिका गोडांबेबाई म्हणाल्या, "कपाळावर नंबर असलेल्या बाळाशी हसून कसं बोलायचं?" नियमात लिहिलं होतं की क्रमांक ठळक जागी असावा, पण वापरात अडथळा येऊ नये. मी फार विचार करून तांबड्या ऑइलपेंटने तो बाहुलीच्या ढुंगणावर घातला. ही बाहुली बाळाची लंगोट बदलण्याचं प्रशिक्षण देण्यासाठी आहे आणि त्या कामात नेमकी तीच जागा वापरात येते, हे आमच्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

येण्याचं कारणही नव्हतं. बाहुली खराब होऊ नये म्हणून मी तिला लगेच तिच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत परत घातलं होतं, आणि तीन वर्षं प्रशिक्षण पिशवीवरूनच चाललं होतं. बाहुलीबरोबर कागदी डायपरचं एक पाकीट आलं होतं. त्यातले पाच डायपर कपाटात जपून ठेवले होते आणि सहावा वापरात होता. तो तीन वर्षांत किमान चारशे वेळा बदलला गेला असेल, पण एकदाही ओला झाला नव्हता. त्याच्या चिकटपट्ट्या केव्हाच गेल्या होत्या, त्यामुळे तो मी टाचणीने लावून द्यायचो.

बाकी सगळं प्रशिक्षण 'समजा' या शब्दावर चालायचं. नळाला पाणी नसायचं, म्हणून समजा हात धुतले. समजा साबण लावला. समजा बाळाने शी केली. साहेबांनी स्वतः सोळा पायऱ्यांचा एक मोठा तक्ता रंगवून घेऊन भिंतीवर लावला होता, 'बाळाची लंगोट बदलण्याची शास्त्रशुद्ध पद्धत'. साहेबांना मुलं दोन, पण ती वाढली त्या काळात साहेब सतत दौऱ्यावर असत. गोडांबेबाईंनी लग्न केलेलं नव्हतं. मला साडेतीन महिन्यांची मुलगी होती, पण तिच्याकडून वास आला की मी तिला माझ्या बायकोच्या, गिरिजाच्या, हातात देऊन वर्तमानपत्र शोधायला जात असे.

अशा आम्हां तिघांसमोर त्या दिवशी सकाळी सुंद्राबाई खिलारे परीक्षेला उभी राहिली. तिच्याआधी परीक्षा उरकलेल्या अकरा आया मागे बाकावर बसल्या होत्या.

सुंद्राबाई शेजारच्याच आवारातल्या बायकांच्या दवाखान्यात आया होती. सतरा वर्षं रोजंदारीवर. गावातली अर्धी शाळकरी मुलं तिच्या हाताखालून गेली होती. माझी उमाही त्यातलीच. उमा झाली तेव्हा बाहेर येऊन "पोरगी झाली भाऊ, पेढं आणा" असं मला सांगणारी हीच. आता वरून आदेश आला होता की मार्चअखेर ज्या आयांकडे शिशुपरिचर्येचं प्रमाणपत्र असेल त्यांना कायम करायचं आणि बाकीच्यांना घरी पाठवायचं. मार्च संपायला तीन दिवस होते. तिच्या घरात मिळवती तीच एकटी.

"सुरू करा," गोडांबेबाई गुणपत्रक पुढे ओढून म्हणाल्या. "समजा, बाळाने शी केली आहे."

सुंद्राबाई बाहुलीकडे गेलीच नाही. तिने खोलीभर नजर फिरवली. "पाणी?"

"समजा, आहे."

"समजून कसं धुवायचं वो बाई? आणते की."

आणि ती खरोखर फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर गेली, तांब्याभर कोमट पाणी घेऊन आली, आणि कनवटीची साबणाची वडी काढून तिने व्हरांड्यात हात धुतले. साहेब घड्याळ बघत राहिले. मग तिने आपल्या पिशवीतून कापूस, मऊ जुन्या धोतराचे तुकडे आणि खोबरेलाची बाटली काढून टेबलाच्या उजव्या कडेला ओळीने मांडली. हे सगळं झाल्यावर तिने बाहुली उचलली आणि टेबलावर ठेवली.

"क्रम चुकला," गोडांबेबाई म्हणाल्या. "तिसरी पायरी, बाळास टेबलावर उताणे ठेवणे. चौथी, वळून कपाटातून साहित्य घेणे. तुम्ही चार आधी केलीत आणि तीन नंतर."

"आमच्यात आदी सामान घेत्यात."

"तुमच्यात काय करतात ते इथे नको," साहेब म्हणाले. "शास्त्राप्रमाणे चला."

दोन गुण गेले. सुंद्राबाईने बाहुली निरखून बघितली. "ह्ये पोरगं हाय का पोरगी?"

"बाहुली आहे," गोडांबेबाई म्हणाल्या.

"ते दिसतंय वो. पर पोरगी असंल तर फुडनं मागं पुसाया लागतं. न्हाईतर घाण लघवीच्या जागी जाती आन् लेकराला ताप भरतो."

बाईंनी साहेबांकडे पाहिलं आणि साहेबांनी बाहुलीकडे. बाहुलीला कुठलीच खूण नव्हती. "वरून स्पष्टीकरण मागवू," म्हणत साहेबांनी डायरीत टिपून घेतलं. हे पत्र खरंच गेलं. दोन वर्षांनी त्याचं उत्तर आलं की बाहुलीच्या लिंगाबाबतचा निर्णय आपल्या स्तरावर घ्यावा.

मग सुंद्राबाई डायपर सोडायला वळली. टाचणी दिसल्यावर ती "अगं आई!" म्हणाली आणि टाचणी काढून तिने लांब खिडकीत ठेवली. डायपर सोडून तिने बाहुलीची पिशवीही काढली. मी पुढे सरकलो, पण परीक्षा चालू असताना भांडारपालाने बोलायचं नसतं. तिने बाहुली कुशीवर वळवली.

"ह्ये लाल काय हाय?"

गोडांबेबाईंची नजर तक्त्यावर होती. त्यांना पुढची पायरी वाचायची होती. त्यांनी मान न वळवताच सांगितलं, "समजा, तीच शी. पुढे चला."

साहेब घड्याळ बघत होते.

"वाळल्याली हाय," सुंद्राबाई म्हणाली. "घासली तर कातडं सोलवटंल." तिने कापसाचा बोळा खोबरेलात भिजवून त्या ४१२ वर ठेवला आणि थांबली. डावा हात बाहुलीच्या पोटावर. एक मिनिट गेलं, दोन गेली, पाच गेली.

"दोन्ही हात वापरा," गोडांबेबाई म्हणाल्या. "वेळ जातोय."

"एक हात ह्येचाच असतो, बाई."

आणखी एक गुण गेला. मग तिने बोळा उचलला आणि ती अलगद पुसायला लागली. पिशवीत कोंडलेला रंग तीन वर्षांत आतून पुरता वाळलाच नव्हता. आधी चार गेला, मग एक, मग दोन. कोमट पाण्याने पुसून, फडक्याने टिपून, "जरा वारं लागू दे" म्हणून ती थांबली, तेव्हा आणखी एक गुण गेला, कारण वाऱ्याची पायरी तक्त्यात नव्हती. पावडर लावायची पायरी होती. ती सुंद्राबाईने केली नाही. "पावडर नाकातोंडात जाती लेकराच्या. नको." डायपर तिने कापडी पट्टीने बांधला आणि पोट व पट्टीच्या मध्ये दोन बोटं घालून बघितली.

पावडरीचा एक आणि जास्त वेळेचे पाच गुण कापून सोळापैकी तिला सहा मिळाले. दहा लागत होते.

"सतरा वर्सं झाली, सायेब," ती एवढंच म्हणाली आणि आपली फडकी घडी घालायला लागली. तिच्या घड्या नीट पडत नव्हत्या. मी तिकडे बघायचं टाळलं.

बारा वाजता मी बाहुली कपाटात ठेवायला घेतली, नंबर नाही हे बघितलं, आणि साहेबांपुढे जाऊन उभा राहिलो. त्यावर साहेबांनी काय विचारलं ते आपण वाचलंच आहे.

"परवा पडताळणीला तपासनीसांची पार्टी येणार आहे," साहेब म्हणाले. "नोंदवहीत ४१२ आहे आणि कपाटात ४१२ नाही. म्हणजे एक बाहुली गहाळ. शिवाय कपाटात एक बिननंबरी बाहुली आहे. म्हणजे एक जास्त. तेरदाळे, एक गहाळ आणि एक जास्त! दोन्हीचा खुलासा द्यावा लागेल."

"साहेब, परत रंगवतो."

"आणि परीक्षेला बाकीच्या अकरा आया बाकावर बसल्या होत्या त्यांचं काय? गावभर झालं असेल. कुणीतरी जबाबदार हवं. लिहा."

परीक्षेच्या खोलीतच टेबलाशी बसून मी लिहायला लागलो. सुंद्राबाईला जबाबासाठी थांबवून घेतलं होतं. ती दाराजवळच्या बाकावर बसली होती. साहेबांनी आवाज खाली आणून सांगितलं, "परीक्षार्थी श्रीमती खिलारे यांनी शासकीय मालमत्तेवरील ओळखचिन्ह हेतुपुरस्सर नष्ट केले."

"हेतुपुरस्सर, साहेब?"

"तेल लावलं, पाच मिनिटं थांबली. हेतू नसता तर थांबली असती का?"

'समजा, तीच शी' हे कुणी म्हटलं होतं, ते गोडांबेबाईंना आठवत असणार. मलाही आठवत होतं. असा अहवाल गेला तर सुंद्राबाईला प्रमाणपत्र तर नाहीच, पण कुठल्याही सरकारी दवाखान्याचं दार पुन्हा उघडणार नव्हतं. तरी मी लिहिलं. ठळक, सुवाच्य अक्षरात तीन ओळी लिहिल्या. ती नाही तर मग मी, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आजही त्याची लाज वाटते.

तेवढ्यात गिरिजा आली. उमाला त्रिगुणी लसीचा तिसरा डोस द्यायचा होता, आणि दवाखान्यात केसपेपरला मोठी रांग होती. "अहो, हिला जरा धरा. रांगेत सगळी खोकतायत. मी पेपर काढून आले," म्हणत तिने उमा माझ्या मांडीवर दिली, पिशवी खुर्चीला अडकवली आणि साहेबांना नमस्कार करून गेली.

उमाने साहेबांकडे बघितलं, एकदा लाल झाली, आणि जे करायचं ते आवाज करून केलं.

"तेरदाळे, इथे नको," साहेब खुर्ची मागे सरकवत म्हणाले. मग त्यांची नजर भिंतीवर गेली आणि चेहरा एकदम उजळला. "नाही तर असं करू. टेबल आहे, तक्ता आहे, प्रशिक्षिका आहेत. होऊन जाऊ द्या शास्त्रशुद्ध!"

"मी?" गोडांबेबाई म्हणाल्या. त्यांनी ओढणीसारखा पदर नाकाला लावला होता. "मी वाचते. तेरदाळे, तुम्ही करा. पायरी एक, हात धुणे."

नळ मी उघडून बघितलाही नाही. "समजा, धुतले," माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"दोन, बाळाशी हसून बोलणे."

"काय उमाबाई," मी हसून म्हटलं. पॅन्टीतून गरम ओल मांडीपर्यंत आली होती, तरी हसलो.

"तीन, बाळास टेबलावर उताणे ठेवणे."

ठेवली.

"चार, वळून कपाटातून साहित्य घेणे."

मी वळलो. कपाटाची किल्ली माझ्याच खिशात होती. गोडांबेबाई तक्त्याकडे तोंड करून पाचवी पायरी शोधत होत्या. साहेबही तक्त्याकडेच बघत होते, कारण तो त्यांचा तक्ता होता. परवाच उमा पालथी पडायला शिकली होती. घरात केवढं कौतुक झालं होतं, आणि मीच ते कचेरीत सगळ्यांना सांगितलं होतं.

"भाऊ!"

मागे वळलो तेव्हा उमा पालथी होती आणि तिचं अर्धं अंग टेबलाच्या बाहेर होतं. तिच्या छातीखाली सुंद्राबाईचा हात होता. खाली शहाबादी फरशी होती. उमाला वाटलं हा काहीतरी खेळ आहे आणि ती हसली. माझ्या हातातून किल्ल्या पडल्या.

सुंद्राबाई दाराजवळच्या बाकावर होती. तिथून टेबल चार पावलं तरी असेल. एवढ्या वेळात ती पोचली कशी, हे मी तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, "तुमी सामान न घेता लेकरू ठिवलंत, तवाच उटली हुती मी."

"पिशवी द्या हिकडं," ती मला म्हणाली. उमाला उताणं करून तिने डावा हात तिच्या पोटावर ठेवला होता, आणि पुढची दहा मिनिटं तिचा एक ना एक हात उमावर राहिला. पिशवीतून लंगोट, दुपटं, कापूस तिने एकाच हाताने काढून शेजारी मांडलं. सकाळचं पाणी तांब्यात उरलं होतं. "सायेब, जरा हातावर पानी घाला. साबण माझ्यापाशी हाय. समजा न्हाई, खरं घाला."

साहेबांनी घातलं. तिने एकेक हात धुवून घेतला. एक धुताना दुसरा उमावर. मग तिने उमाचे पाय सैल धरून तिला जराशी कुशीवर घेतलं आणि पुढून मागे, पुढून मागे, दर वेळी नवा कापूस घेऊन पुसायला लागली. मांडीच्या घड्यांत घाण राहते, ती बोटाने फाकवून बघायची. माझ्या मुलीच्या अंगाला एवढ्या घड्या आहेत हे मला पहिल्यांदाच कळत होतं. मळकी लंगोट तिने घाण आत ठेवून गुंडाळली आणि बाजूला ठेवली. कापसाचे बोळे टाकायला तिला काही मिळेना. तिने टेबलावरून एक कागद ओढला.

"ह्यो कागद कामाचा हाय का, भाऊ?"

तो माझा अहवाल होता. तिला वाचता येत नव्हतं. साहेब माझ्याकडे बघत होते, गोडांबेबाईही बघत होत्या. मघापर्यंत माझी नोकरी त्या तीन ओळींवर उभी आहे असं मला वाटत होतं.

"नाही," मी म्हणालो. "घ्या."

तिने त्यात कापसाचे बोळे गुंडाळले, व्यवस्थित पुडी बांधली आणि खाली टोपलीत टाकली. मग उमाला टिपून कोरडं केलं, थोडं वारं लागू दिलं, नवी लंगोट बांधून त्यात दोन बोटं घालून बघितली. उमा तिच्या बांगड्या धरायला बघत होती.

"बाहुली पडत न्हाई, सायेब," सुंद्राबाई शांतपणे म्हणाली. "म्हनून तुमच्या ध्यानात आलं नसंल."

उमाला माझ्या हातात देऊन ती पुन्हा हात धुवायला व्हरांड्यात गेली. मग साहेब म्हणाले, "तेरदाळे, अहवाल?"

"दुसरा लिहितो, साहेब." मी उमाला खांद्यावर घेतलं. "एक शंका आहे. नंबर नसलेली वस्तू सरकारी धरता येते का?"

"नाही. कधीच नाही."

"मग सकाळी सुंद्राबाईंची परीक्षा संपली तेव्हा टेबलावर जी बाहुली होती ती सरकारी नव्हती. अनधिकृत साहित्यावर परीक्षा घेतली असं होईल. सही आपली आहे."

साहेबांनी गुणपत्रक ओढून घेतलं आणि आपली सही अशी बघितली, की ती दुसऱ्या कुणाची निघाली तर बरं होईल. "म्हणजे ती परीक्षा..."

"झालीच नाही, साहेब."

"मग फेरपरीक्षा घ्यायला हवी. मार्चअखेर आली. बाहुली नाही..."

"आत्ता झाली की," गोडांबेबाई म्हणाल्या.

बाईंना तक्त्याशिवाय बोलताना मी पहिल्यांदा ऐकत होतो. त्यांनी कोरं गुणपत्रक घेतलं आणि एकेका पायरीपुढे खूण करायला लागल्या. तिसऱ्या-चौथ्याशी पेन अडलं. "क्रम चु..." त्या म्हणाल्या, आणि माझ्या खांद्यावर झोपायला आलेल्या उमाकडे त्यांची नजर गेली. "क्रम बरोबर आहे," म्हणत त्यांनी खूण केली.

"पावडर लावली नाही," साहेब म्हणाले.

"समजा, लावली," गोडांबेबाई म्हणाल्या.

सोळापैकी सोळा. साहेबांनी पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. गुणपत्रकात शेवटी एक रकाना होता, 'वापरलेल्या साहित्याचा क्रमांक'. "इथे काय लिहायचं? नंबराशिवाय मी सही करणार नाही."

मी गिरिजाच्या पिशवीतून उमाचं लसीकरणाचं कार्ड काढलं. त्यावर ठळक शिक्का होता, २०७६. गोडांबेबाईंनी लिहिलं, 'बाळ, एक नग, क्र. २०७६'. साहेबांनी समाधानाने सही केली. माझी मुलगी आज मोठ्या हुद्द्यावर आहे, पण एकदा ती सरकारी साहित्य म्हणून वापरली गेल्याची नोंद दप्तरात आहे, आणि ती वापरून झाल्यावर सुस्थितीत परत केल्याचीही आहे.

"पण मग बाहुलीचा नंबर पुसला कुणी?" साहेब जाता जाता दारात थांबले. "कुणीतरी हवं ना."

"मी, साहेब. रंग मीच लावला होता. कच्चा लावला आणि पिशवीत कोंडला. तो आपोआप निघाला."

साहेबांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं स्पष्ट दिसलं. त्यांना माझा राग नव्हता; त्यांना फक्त एक नाव हवं होतं. महिन्याभरात माझ्या सेवापुस्तकात लाल शाईने शेरा आला, 'शासकीय मालमत्तेच्या रंगकामात निष्काळजीपणा'. त्याने माझी बढती तीन वर्षं लांबली. पुढे निवृत्तीच्या दिवशी ते पुस्तक हातात आलं, तेव्हा मी सर्वांत आधी तेच पान उघडून वाचलं. सुंद्राबाई एप्रिलमध्ये कायम झाली आणि पुढे अकरा वर्षांनी पेन्शनीत गेली. तक्ता मात्र तसाच राहिला. पायऱ्यांचा क्रम बदलायला वरून मंजुरी लागते, आणि ती मी असेपर्यंत तरी आली नव्हती.

गिरिजा केसपेपर घेऊन परत आली तेव्हा तिने आधी उमाला बघितलं, मग माझी पॅन्ट. "त्रास दिला का हिने?"

"नाही," मी म्हणालो. रात्री घरी सगळं सांगितलं, तेव्हा ती कितीतरी वेळ उमाला घट्ट धरून बसली. दुसऱ्या दिवसापासून घरातल्या लंगोटी बदलणं माझ्याकडे आलं. तिने ते सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्या दिवशी कचेरीत एक काम उरलं होतं. सगळे गेल्यावर मी बाहुली टेबलावर घेतली आणि या वेळी नंबर तळपायावर घालायचं ठरवलं. चार लिहिला, एक लिहिला. ब्रशवरचा रंग संपला आणि डबा मागे खिडकीत होता, टाचणीच्या शेजारी. मी वळून हात लांबवला, पण डबा हाताला लागेना. एक पाऊल पुढे टाकायला हवं होतं आणि ते टाकता येत नव्हतं.

मग बघितलं, तर माझा डावा हात बाहुलीच्या पोटावर होता. तो मी उचलला नाही. बाहुलीला काखेत घेतलं, तसाच खिडकीपाशी गेलो, डबा आणला, आणि उरलेला दोन लिहिला.